पुलाची कंपनं आणि तानपुऱ्याची तार

संपादक महोदय,

९ जुलै २०२५ रोजी बडोद्याजवळचा मही नदीवरचा गंभीरा पूल कोसळला, तेव्हापासून ‘पुलांवर सेन्सर लावा’ असं आम्ही बडोदेकर म्हणतोय. लावाच. पण नुसत्या कंपनांवर विसंबू नका. वैशाखात दुपारी जुळवलेला आमचा तानपुरा रात्री चढलेला असतो. तारेला झालेलं काहीच नसतं, गारव्यानं ताण वाढलेला असतो. पुलाचंही तसंच. उन्हात प्रसरणाला वाव नसला (पूल ज्यांवर टेकून थोडा सरकतो ती बेअरिंग गंजून बसली की हेच होतं), तर गर्डर, म्हणजे पुलाची तुळई, दाबाखाली येतो, कंपनांची वारंवारता भेग पडल्यावर उतरते तशीच उतरते आणि धडधाकट पूल भेगाळल्यासारखा भासतो. थंडीत उलट, वारंवारता चढून खरी भेग झाकली जाऊ शकते. तेव्हा कंपनांसोबत तापमान आणि ताणही मोजा, निदान वर्षभर.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे