काळ्या मातीत चेंडू उसळत नाही : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : ग्रामीण विदर्भातील मुलींसाठी बास्केटबॉलची पक्की मैदाने आणि हंगामभर चालणारे सामने मिळणेबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत मी गेली २२ वर्षे क्रीडा शिक्षिका आहे. अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकत असताना मला बास्केटबॉलची गोडी लागली. तेव्हापासून भारतीय महिला संघाची प्रत्येक स्पर्धा मी मनापासून पाहत आले आहे, आणि त्या संघाविषयीच मला आपल्याशी बोलायचे आहे.

जुलै २०१७ मध्ये बंगळुरूला आशिया चषकाच्या ब गटाच्या, म्हणजे खालच्या श्रेणीच्या, अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले आणि वरच्या, म्हणजे अ गटात स्थान मिळवले. एका बास्केटच्या फरकाने मिळालेला तो विजय मी शाळेतल्या मुलींना क्वार्टरमागून क्वार्टर समजावून सांगितला होता. त्यानंतर जे झाले तेही मी त्यांच्यापासून लपवले नाही. २०१९ मध्ये त्याच बंगळुरूत अ गटातील आठ संघांमध्ये आपण आठवे आलो. २०२१ मध्ये अम्मानला जपानने आपल्याला १३६-४६ असे हरवले, त्या स्पर्धेतही आपण शेवटचे राहिलो आणि पुन्हा ब गटात गेलो. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत मात्र याच संघाने इंडोनेशिया आणि मंगोलियाला नमवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. म्हणजे बरोबरीच्या संघाला हरवण्याची ताकद आपल्यात आहे. जे संघ वर्षभर तोलामोलाचे सामने खेळत असतात त्यांच्यासमोर आपण कमी पडतो.

आपल्या मुली उंचीला कमी पडतात, असे पराभवानंतर हमखास म्हटले जाते. हे कारण मला पटत नाही. उंचीने लहान असलेल्या जपानच्या मुलींनी वेग, पासिंग आणि लांबून अचूक नेम यांच्या बळावर २०१७ चा आशिया चषक ऑस्ट्रेलियाला एका गुणाने हरवून जिंकला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले. आणि आपल्याकडे उंच मुली नाहीत हेही खरे नाही. माझ्या शाळेत शेतमजुराची एक मुलगी होती, नववीतच पाच फूट नऊ इंच. रिबाउंडला, म्हणजे बास्केट चुकून परतलेल्या चेंडूसाठी, ती उडी घेई तेव्हा बाकीच्या मुली नुसत्या बघत राहत. त्या मुलीच्या वाट्याला शालेय वयात किती सामने आले असतील, महोदय? चार वर्षांत पाच. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होते. पहाटेच्या एसटीने जायचे, सकाळी अकराला शहरातल्या सिमेंटच्या कोर्टवर सराव केलेल्या संघाशी खेळायचे, हरायचे आणि दुपारच्या गाडीने परत यायचे. पुढचा सामना पुढच्या वर्षी. आज ती पोलीस शिपाई आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण भरतीच्या मैदानावर तिची उंची पहिल्यांदा कोणी कामाची म्हणून मोजली, ही गोष्ट मला अजून टोचते.

सरावाचे सांगायचे तर आमच्या शाळेचे मैदान काळ्या मातीचे आहे. पावसाळ्यात तिथे चप्पल रुतते, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि मधल्या काळात चेंडू आपटला तर गुडघ्यापर्यंतही उसळत नाही. माझ्या मुली कबड्डी आणि खो-खो उत्तम खेळतात, कारण ते खेळ याच मातीचे आहेत. बास्केटबॉलमध्ये त्या पासिंग चांगले शिकल्या, कारण दुसरा मार्गच नव्हता. पण टप्पा मारत पळण्याची सवय त्यांच्या हातांना कधी लागली नाही, आणि हा दोष मी कितीही शिट्टी फुंकली तरी दूर होणारा नाही. आमच्या तालुक्याच्या क्रीडा संकुलात कोर्ट आखलेले आहे. त्याच्या एका बाजूचा बोर्ड तुटला त्याला तीन वर्षे झाली. दोन अर्ज मी स्वतः नेऊन दिले, त्यांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत.

हे सारे आपल्या भागात अशक्य आहे, असे कोणी सांगितले तर कृपया गोंदियाच्या पलीकडे पाहावे. राजनांदगाव आणि भिलाई आमच्यापासून फार दूर नाहीत. हवा तीच, ऊन तेच. भिलाईत राजेश पटेल या प्रशिक्षकांनी पोलाद कारखान्याच्या आधाराने छत्तीसगडच्या मुलींचे असे संघ उभे केले की त्यांनी राष्ट्रीय पदके जिंकली आणि त्यांतल्या अनेक जणी भारताकडून खेळल्या. रोजचे कोर्ट, रोजचा प्रशिक्षक आणि पुढे नोकरीची आशा, एवढ्यावर ते घडले. रेल्वेचा महिला संघ राष्ट्रीय स्पर्धांवर वर्षानुवर्षे वर्चस्व ठेवून आहे, त्यामागेही नोकरीचाच आधार आहे. महाराष्ट्रही रिकामा नाही. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारताचे नेतृत्व केले, आणि नागपूरची सिया देवधर हांगझोऊला थ्री बाय थ्रीच्या, म्हणजे अर्ध्या कोर्टवर तिघी विरुद्ध तिघी अशा खेळाच्या, भारतीय संघात होती. पण पुणे आणि नागपूर ही शहरे आहेत. तिथून यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीच्या खेड्यांपर्यंत हा खेळ आलेला नाही.

माझी मागणी मोठी नाही. नव्या इमारती नकोत. प्रत्येक तालुक्यात एक सिमेंटचे कोर्ट दुरुस्त किंवा तयार करून द्यावे, आणि तिथे मानधनावर शक्यतो महिला प्रशिक्षक नेमावी, म्हणजे पालक मुलींना संध्याकाळीही निर्धास्त पाठवतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाद पद्धतीची एकुलती एक स्पर्धा पुरेशी मानू नये. तालुक्या-तालुक्यांतील शाळांची साखळी स्पर्धा असावी, तिच्यात प्रत्येक संघाला हरला तरी किमान बारा सामने मिळावेत, आणि तिचे वेळापत्रक कापसाची वेचणी पाहून ठरवावे. दिवाळीनंतरच्या वेचणीत आमच्या निम्म्या मुली आईबरोबर वावरात असतात. त्या दिवसांत लागलेली तारीख म्हणजे त्यांच्यासाठी स्पर्धा झालीच नाही. जिथे पूर्ण कोर्टाइतकी जागा नसेल तिथे थ्री बाय थ्रीचे अर्धे कोर्टही चालेल. तो आता ऑलिंपिकचा खेळ आहे आणि त्याला तीन खेळाडू आणि एक राखीव अशा चौघी मुली पुरतात.

आमच्या शाळेच्या मागे गावठाणाची पडीक जागा आहे. ग्रामपंचायत ती द्यायला तयार आहे. मागच्या रविवारी मी आणि दहावीच्या मुलींनी टेप लावून २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद जागा मोजली आणि चुन्याने आखून ठेवली आहे. आपल्या विभागाचे अभियंते कोणत्याही दिवशी पाहणीला आले, तरी त्यांना जागा दाखवायला आम्ही हजर असू.

आपली नम्र,
एक क्रीडा शिक्षिका
जि. यवतमाळ