दोरा न फेकल्याबद्दल

सप्रेम नमस्कार,

आपले नाव या पत्रात येऊ नये अशी आपलीच इच्छा असल्यामुळे मायना अपुरा ठेवून लिहीत आहे. माझ्या लहानपणच्या खेळण्यातला सैनिक आणि त्याची जीप आपण दुरुस्त करून पाठवलीत, ते पार्सल हाती पडून तीन आठवडे झाले. पोच आणि धन्यवाद त्याच दिवशी कळवले होते, पण ते शब्द व्यवहारापुरते होते. खोक्याच्या तळाशी ठेवलेल्या त्या छोट्या पाकिटाबद्दल लिहायला बसलो की हात अडत असे, म्हणून खरे आभार आज मानतो आहे.

हे पत्र इतरांच्याही वाचनात येणार असल्यामुळे, आपल्याला तोंडपाठ असलेल्या दोन गोष्टी त्यांच्यासाठी सांगतो. हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीने १९६४ मध्ये काढलेला मूळ ‘जी. आय. जो’ हा खेळण्यातला सैनिक बारा इंच उंचीचा होता आणि खरे कापडी कपडे घालत असे. १९८२ मध्ये तो पावणेचार इंचांचा, म्हणजे मुठीत मावेल एवढा होऊन पुन्हा आला, तेव्हा कपडे, पट्टे, बूट हे सगळे प्लॅस्टिकमध्येच कोरलेले आले, आणि अंग सर्व बाजूंनी वळावे म्हणून पोटात एक काळी रबरी कडी आली. छातीतला स्क्रूचा खुंट आणि पायांच्या मधला धातूचा आकडा यांच्यात ती ताणून बसवलेली असते आणि सैनिकाचे धड, कंबर, पाय तिच्याच जोरावर एकत्र राहतात. रबर मात्र काळाबरोबर सुकते आणि एखाद्या दिवशी, कोणी हात न लावताही, तुटते. मग सैनिकाचे तुकडे सुटे होतात. माझ्या सैनिकाची कडी तर मी शाळेत असतानाच तुटली होती, आणि तरीही तो चाळीस वर्षे एकसंध कसा राहिला, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

आपल्याकडे येण्याआधी त्याचे आणि त्याच्या व्हॅम्प नावाच्या खेळण्यातल्या जीपचे काय हाल झाले, ते आपण डोळ्यांनी पाहिलेच आहे. पहिल्या कारागिराने, ज्याचा उल्लेख मी यापुढेही नावाशिवायच करीन, दोन्ही वस्तू आठ महिने स्वतःकडे ठेवल्या. त्याने जीपवरचे स्टिकर पात्याने खरवडून काढले, मागच्या बाजूला बसणाऱ्या दोन पेट्रोलच्या डब्यांपैकी एक हरवला, आणि सैनिक कमरेत ढिला आहे अशी माझी तक्रार होती म्हणून कमरेच्या फटीत झटपट चिकटणारा गोंद ओतून त्याला कायमचा ताठ करून टाकला. त्या गोंदाची वाफ बसून छातीवर पांढरे धुके आले होते, त्याबद्दल विचारल्यावर ‘जुन्या प्लॅस्टिकचे असेच असते’ असे उत्तर मिळाले. पाठीवरचा एकुलता एक स्क्रू उघडून आत डोकावण्याचे कष्ट त्याने घेतले नाहीत. आज विचार करताना वाटते की त्याच्या आळसाचेही थोडे आभार मानायला हवेत, कारण त्याने तो स्क्रू उघडला असता तर आतली वस्तू नक्कीच केराच्या टोपलीत गेली असती. दुसऱ्या गृहस्थांनी तर फोटो पाहूनच सांगितले की याला हात लावण्यात अर्थ नाही, एवढ्या खर्चात याहून चांगला सैनिक विकत मिळेल. हिशेब म्हणून ते बरोबरच होते. फक्त मला सैनिक हवा नव्हता, हाच सैनिक हवा होता, आणि हा फरक कसा समजावून सांगायचा ते मला त्या वेळी सुचले नाही.

आपल्याला तो समजावून सांगावा लागला नाही. खोके उघडल्यावर आपण पहिला प्रश्न विचारलात तो असा : “यावरच्या कोणत्या खुणा पुसायच्या नाहीत?” कोणत्या खुणा काढायच्या असे सगळेच विचारतात. मी तेव्हा गडबडून जीपच्या खालच्या बाजूला बॉलपेनने गिरवलेला माझा हजेरी क्रमांक एवढेच सांगितले. उजव्या हाताचा तुटलेला अंगठा, जो या सैनिकांच्या हातात बंदूक कोंबताना हमखास तुटतो, तो आपण पितळेच्या केसाएवढ्या तारेवर पुन्हा घडवलात. गोंद कसा सोडवलात याचे सविस्तर वर्णन मी येथे करत नाही. ती आपली विद्या आहे, आणि अर्धवट वाचून कोणी ॲसिटोनची बाटली उघडली तर गोंदाबरोबर सैनिकही विरघळायचा.

नव्या रंगाच्या बाबतीत आपण मला थांबवलेत त्याबद्दलही कृतज्ञ आहे. मला एकाएकी हौस आली होती की एवीतेवी दुरुस्ती होतेच आहे, तर सैनिकाला वाळवंटी गणवेश चढवावा, डोक्याची अदलाबदल करावी, जीपलाही त्याच रंगात रंगवावे. आपण रागावला नाहीत, हौसेची टिंगलही केली नाहीत. असे प्रयोग आपणही आवडीने करता, पण त्यासाठी सुटे झालेले, कोणाचेच नसलेले हातपाय आणि धडे घेता, ज्याच्यावर कोणाचे बालपण खर्ची पडले आहे त्याच्यावर ते करत नाही, असे आपण सांगितलेत. शिवाय सांधा घासणाऱ्या जागी रंगाचा एक थर जरी चढला तरी तो पहिल्याच वळणाला उखडतो, ही व्यवहाराची गोष्टही सांगितलीत. मी गप्प बसलो आणि ते बरे झाले.

हरवलेला डबा आपण उरलेल्या डब्यावरून सिलिकोनचा साचा काढून राळेत ओतलात. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर माझ्या नजरेला फरक कळत नाही. पण नव्या डब्याच्या तळाशी आपण सुईने एक बारीक ठिपका कोरला आहे, पुढे कधी ही जीप दुसऱ्याच्या हाती गेली तर नकलेला कोणी अस्सल समजू नये म्हणून. तो ठिपका कोरा, असे कोणी सांगितले नव्हते. न कोरता पाठवला असता तर मला आयुष्यात कळले नसते. ज्या छंदात नकली सुटे भाग अस्सल म्हणून सर्रास खपवले जातात, त्यात कोणीही पाहत नसताना कोणी असा ठिपका कोरत बसते, हे कळल्यापासून मला माणसांविषयी थोडे बरे वाटू लागले आहे. सचोटी बहुधा अशीच असते, तळाशी, उलटे करून पाहिल्याशिवाय न दिसणारी.

आता त्या पाकिटाविषयी. बोटाच्या दोन पेरांएवढे ते पाकीट, आत काळा दोरा, आणि वर आपल्या अक्षरात : “पोटात सापडला. चार पदरी, हाताने वळलेला. कोणीतरी मन लावून बांधला आहे, आपला असावा.” रबरी कडीच्या जागी कोणीतरी काज-बटणांचा दोरा ओवला होता. दोरा ताणत नाही, म्हणून माझा सैनिक कमरेत ढिला आणि किंचित पुढे झुकलेला असे, आणि म्हणूनच माझ्या खेळात तो जखमी म्हातारा सुभेदार होता, ज्याला नेहमी जीपमधूनच न्यावे लागे. आपण नवी कडी बसवून त्याला ताठ उभे केलेत. जुना दोरा तिथेच टाकून देणे किती सोपे होते! शिवाय आपण गाठ सोडवली नाहीत. गाठीपासून लांब, दुसऱ्या टोकाला कात्री लावलीत आणि गाठ जशीच्या तशी ठेवलीत. आपल्या साऱ्या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही एक कात्री.

लहानपणी सैनिक तुटला तेव्हा मी रडून झोपलो होतो आणि सकाळी तो दप्तराजवळ जोडलेला उभा होता, एवढे मला आठवते. शिवणाची पेटी आईची, म्हणून काम आईचे, असे मी धरून चाललो होतो. गेल्या रविवारी मी ते पाकीट तिच्या हातात दिले. तिला आता बारीक दिसत नाही. तिने दोरा बोटांत फिरवला, गाठीवर अंगठा ठेवला आणि म्हणाली, “ही माझी नाही रे. मी दोन वेढ्यांची मारते. ही पार्सलाची गाठ आहे, तीन वेढ्यांची. तुझ्या बाबांची.”

बाबांना जाऊन अकरा वर्षे झाली. माझ्या सैनिकांना ते शेवटपर्यंत ‘बाहुल्या’ म्हणत आणि पायात आले तर कपाटाखाली सरकवून देत. मी झोपल्यावर त्यांनी तो बारीक स्क्रू कशाने उघडला असेल, बहुधा चष्म्याच्या स्क्रू-ड्रायव्हरने, आणि त्यांच्या जाड बोटांनी त्या आकड्यात दोरा कसा ओवला असेल, याचा मी तेव्हापासून विचार करतो आहे. दोरा पुन्हा आपल्याच पाकिटात ठेवला आहे. सैनिक जीपमध्ये बसला आहे, जरा जास्तच ताठ.

आपला ऋणी,
सुभेदाराचा मालक