मावशींना विचारलंय मी

आदरणीय काका आणि क्लबातली सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या समाजसेवी क्लबचं नाव आणि तुमचं नाव कुठे लिहू नका, असं तुम्ही जाताना बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र चारचौघांत लिहिते आहे. तुम्ही निघालात तेव्हा उंबऱ्यात उभं राहून "फार उपकार झाले" एवढंच कसंबसं बोलता आलं. जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं, आणि तेव्हापासून घशात अडकून आहे.

आमच्या आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तुम्ही पाहिलंत ते अंथरुणात. त्याआधीच्या आई तुम्हाला ठाऊक नाहीत. सासरे गेल्यावर नाशिकच्या भांडी बाजारातलं दुकान त्यांनी एकटीने चालवलं. पातेल्याला टिचकी मारून नुसत्या आवाजावरून पत्रा जाड की पातळ ते सांगायच्या. लग्नाची भांडी घ्यायला आलेल्या बायका आधी आईंचं मत विचारायच्या, मग भाव. 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदेचं पाणी भांडी बाजारात आणि सराफ बाजारात शिरलं, तेव्हा चिखलाने भरलेल्या पायरीवर उभं राहून कुठला माल आधी बाहेर काढायचा ते त्याच सांगत होत्या. त्या वेळी फावडी-घमेली घेऊन गल्लीत उतरलेल्या माणसांत तुमच्या क्लबचीही माणसं होती, हे मला आत्ता कळलं.

अशा बाईला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की पुष्कळदा असंच होतं. शब्द तोंडातून बाहेर पडत नाहीत, पण समोरचा काय बोलतोय ते अनेकांना बऱ्यापैकी कळत असतं. एवढी एक गोष्ट आम्हाला सुरुवातीलाच कुणीतरी सांगायला हवी होती. ती कुणी सांगितली नाही.

दवाखान्यात आईंच्या कॉटभोवती उभं राहून सगळे आमच्याशी बोलायचे. "पेशंटला कळतं का काही?" हेसुद्धा आम्हालाच विचारायचे. घरी सोडताना कागदावर औषधं लिहून दिली आणि "काळजी घ्या" म्हणाले. कसली काळजी, कशी, ते विचारायला गेलं तर पुढच्या पेशंटचा नंबर पुकारलेला असायचा. मग घरी भेटायला माणसं यायला लागली. आईंच्या पायाशी उभं राहून, त्यांच्या देखत, आता यांचं कोण करणार, दुकानाचं काय, पाटल्या कुणाकडे आहेत, इथपर्यंत बोलणी झाली. "सुटल्या तर बरं" असंही एकजण म्हणाल्या. आईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तर "या आजारात रडू येतंच" म्हणून पदराने पुसून टाकलं. या आजारात रडू येतं हे खरं आहे. पण त्या दिवशी आई का रडल्या ते मला माहीत आहे.

आणि एक मोठी संस्था. गोड बोलून आमच्याकडून सगळे कागद घेतले. कॉट मिळेल, पण देताना पेशंटसोबत फोटो काढायचा, मागे त्यांचं बॅनर दिसलं पाहिजे, असं सांगितलं. आईंच्या नाकात तेव्हा नळी होती. मी नको म्हटलं. त्यानंतर त्यांच्याकडे आमचा फोन कुणी उचलला नाही. त्या माणसांवर मी अजून रागावलेली आहे, आणि हा राग जावा असं मला वाटतही नाही.

आजारी माणसाचं सामान वापरापुरतं देणारं तुमचं रुग्णसाहित्य केंद्र आम्हाला औषधांच्या दुकानातल्या मुलाने सांगितलं. पुढचं सगळं इतकं सरळ झालं की त्यात सांगण्यासारखं काही नाही. हँडल फिरवून पाठ वर-खाली करता येणारी फाउलर कॉट, हवेची गादी, कमोडची खुर्ची, सगळं मिळालं. आमच्या गल्लीत टेम्पो येत नाही. दहीपुलाजवळ सामान उतरवून तुम्ही चौघांनी ते हातांवर आणलंत. वाड्याचं दार अरुंद, म्हणून कॉटचे नटबोल्ट सोडून तुकडे आत घेतलेत आणि पुढच्या खोलीत पुन्हा जोडलेत. तुमच्यातले एकजण सत्तरीच्या आसपासचे होते. घाम पुसायला टॉवेल दिला तर "आधी पेशंटचं होऊ द्या" म्हणाले.

हे सगळं मोठंच आहे. पण मला लिहायचंय ते त्यानंतरच्या पाच मिनिटांबद्दल.

कॉट जोडून झाली होती. आम्ही माजघरातून आईंना आणायच्या तयारीत होतो. तुम्ही म्हणालात, थांबा जरा. चपला तुम्ही दारातच काढल्या होत्या. माजघरात गेलात, आईंच्या गादीशेजारी जमिनीवर मांडी घातलीत, त्यांच्या चेहऱ्यासमोर येईल असा चेहरा आणलात आणि हात जोडून म्हणालात, "मावशी, नमस्कार. तुमच्यासाठी कॉट आणलीय. डोकं कुठल्या बाजूला ठेवू? तुम्हाला काय दिसायला हवं?"

आमच्यातल्या तिघांनी एकदम उत्तर दिलं. भिंतीकडे ठेवा, पंख्याखाली ठेवा, कुठंही चालेल त्यांना. तुम्ही मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. फक्त हात वर केलात आणि हळू आवाजात म्हणालात, "मावशींना विचारलंय मी."

मग तुम्ही थांबलात. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण खोलीत सगळे चुळबुळायला लागले होते एवढा वेळ. तुम्ही प्रश्न पुन्हा विचारला नाहीत, आवाज चढवला नाहीत, "समजलं का" म्हणाला नाहीत. आईंचा डावा हात चादरीतून बाहेर आला. तो चौकाकडच्या दाराकडे गेला आणि तिथेच राहिला. आमच्या चौकात तुळस आहे, नळ आहे, येणारं-जाणारं प्रत्येक माणूस तिथून जातं. आईंना माणसं दिसायला हवी होती.

चुलत सासूबाई म्हणाल्या, अहो, तसं केलं तर पाय दक्षिणेला येतात, मेलेल्या माणसाचे करतात तसे. तुम्ही त्यांचंही ऐकून घेतलंत. त्यांना नमस्कार केलात आणि पुन्हा आईंना विचारलंत, "मावशी, पाय दक्षिणेला येतील म्हणतायत. चालेल का?" आईंनी मान हलवली. तीनदा हलवली. आणि आजारी पडल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर मला त्या दुकानातल्या आई दिसल्या, गिऱ्हाईक भावावरून घासाघीस करायला लागलं की दिसायच्या त्या.

तुम्ही जोडलेली कॉट पुन्हा सोडलीत आणि फिरवून बसवलीत. कुणाच्या कपाळावर आठी नव्हती.

काका, त्या दिवसापासून आमच्या घराचं वागणं बदललं. वरण आधी की भात आधी, हे आता आईंना विचारलं जातं. कूस बदलताना "वळवतो हं" असं सांगून मग हात लावला जातो. माझा मुलगा शाळेतून आल्यावर कॉटवर बसून दोन वस्तू पुढे धरतो आणि आजी हाताने निवडते. भेटायला येणाऱ्यांना मी दारातच सांगते, जे बोलायचं ते आईंशी बोला. काहींना ते आवडलं नाही. न आवडो.

दुसऱ्या आठवड्यात तुमच्या क्लबच्या ताई आल्या, निवृत्त परिचारिका. त्यांनी शिकवलं ते इथे लिहिते, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. हवेच्या गादीतले कप्पे आळीपाळीने भरतात आणि सैल होतात, त्यामुळे एकाच जागी दाब राहत नाही, पण गादी आहे म्हणून कूस बदलणं सोडायचं नाही. माकडहाड, टाचा, घोटे, खांद्याची मागची बाजू रोज उजेडात बघायची. लाल झालेली जागा चोळायची नाही. आम्ही तर तेल लावून चोळणार होतो. नळी निघाल्यावर भरवताना हँडल फिरवून पाठ नीट उभी करायची आणि जेवणानंतर निदान अर्धा तास तशीच ठेवायची. पातळ पाण्याने ठसका लागतो तसा दाट पेजेने सहसा लागत नाही, पण कुणाला किती दाट चालेल ते तपासणाऱ्याला विचारायचं. त्या ताई प्रत्येक गोष्ट आधी आईंना सांगायच्या, मग मला. तुमच्यात हे कुणी शिकवलंय का, की अशीच माणसं तुम्ही वेचून घेता?

क्लब म्हटलं की आमच्या गल्लीत अजून लोकांना शाल, श्रीफळ आणि फोटो आठवतात. त्यांना मी पोलिओच्या रविवारांची आठवण करून देते. माझा मुलगा तान्हा असताना बूथवर डोस पाजून त्याच्या डाव्या करंगळीला शाई लावणारे गृहस्थ अशाच एका क्लबचे होते. रोटरी क्लबांच्या जागतिक संघटनेने पोलिओ संपवायचं काम 1985 मध्ये हाती घेतलं. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण हावड्याला 13 जानेवारी 2011 रोजी सापडला, आणि 27 मार्च 2014 ला जागतिक आरोग्य संघटनेने आपल्यासह सगळ्या दक्षिण-पूर्व आशिया विभागाला पोलिओमुक्त ठरवलं. सरकारी यंत्रणा होती, आशाताई होत्या, अंगणवाडीच्या बाया होत्या, आणि त्यांच्यासोबत सुट्टीच्या दिवशी उन्हात टेबल टाकून बसणारी ही माणसंही होती. मे महिन्यात कॉलेजं बंद होऊन रक्ताचा तुटवडा पडतो तेव्हा शिबिर भरवणारी, विसर्जनाला गोदाघाटावर निर्माल्य गोळा करायला पहाटेपर्यंत उभी राहणारी.

परवा तुम्ही आमच्या चौकात लकव्याबद्दल सांगायला आलात, तेव्हा साठेक माणसं दाटीवाटीने बसली होती. तोंड एका बाजूला वाकडं होणं, वर केलेला एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, यातलं एक जरी दिसलं तरी घरगुती उपाय करत बसायचं नाही, 108 ला फोन करायचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. पिंपळपारापासून तिवंध्यापर्यंत आता कितीतरी घरांत ही लक्षणं लिहिलेला कागद फ्रिजवर लावलेला आहे.

भली माणसं कुणाला म्हणायचं, यावर मी अलीकडे बराच विचार करते. पैसे देणारे, वस्तू देणारे नाशकात कमी नाहीत, देवळांच्या पायऱ्यांवर त्यांची नावं कोरलेली आहेत. पण पडलेल्या माणसासमोर खाली बसून, त्याला प्रश्न विचारून, उत्तर येईपर्यंत थांबणारे फार थोडे भेटले. त्या थांबण्यात तुम्ही आईंना काय दिलंत ते तुम्हाला कळलं असेल असं मला वाटत नाही. तुमची तर ती रोजची रीत असावी.

आई आता वॉकर धरून चौकापर्यंत येतात. "नको", "चहा" आणि माझं नाव, एवढं नीट म्हणतात. कॉट आम्ही गेल्या आठवड्यात परत केली, ती लगेच सातपूरच्या एका घरी गेली असं कळलं. चादर नवी घालून द्यायची, हे आईंनी खुणेने सांगितलं होतं. रविवारी माझा मुलगा आणि त्याचे मित्र मोकळे असतात. जुन्या नाशकातल्या गल्ल्या त्यांना पाठ आहेत. सामान उचलायला हात कमी पडले तर निःसंकोच बोलवा.

आणखी एक. आईंनी तुमच्या केंद्रासाठी दुकानातून पिण्याच्या पाण्याचा एक तांब्याचा हंडा निवडून काढलाय. सगळे हंडे पुढे मांडायला लावले, टिचक्या मारून बघितले, तेव्हा कुठे एक पसंत पडला. तुम्ही भेटवस्तू घेत नाही हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी "नको" म्हणून मान फिरवली. आता घ्यायचा नसेल तर तुम्हीच या आणि आईंना विचारा.

आपली,
भांडी बाजारातल्या मावशींची सून