जेलची ट्यूब आणि दातांचं किटण

मा. संपादक, नमस्कार.

मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे. दोनेक वर्षं ब्रश केला की बेसिनमध्ये रक्त दिसायचं, मग मेडिकलमधनं मेट्रोनिडाझोल (हे अँटिबायोटिक) आणि क्लोरहेक्सिडिन (हे जंतुनाशक) यांचं जेल आणायचं, आठ दिवस बोटानं हिरडीवर चोळायचं, रक्त थांबायचं, ट्यूब कपाटात, महिन्याभरानं परत तेच. चिठ्ठी कुणी मागितली नाही आणि मी पण कधी दाखवली नाही, खोटं कशाला बोलू.

शेवटी खालचा पुढचा दात हलायला लागला तेव्हा डेंटिस्टकडं गेलो. मॅडमनी मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधी घातली, म्हणाल्या चांगल्या हिरडीत ही १ ते ३ मिलिमीटर जाते, तुमच्यात ६ गेली. वरनं चोळलेलं जेल लाळेबरोबर वाहून जातं, एवढ्या खोल पोचतच नाही. आणि पोचलं तरी प्लाकमधले, म्हणजे दातावर साचणाऱ्या थरातले, जंतू सुटे नसतात, विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळासारखा चिकट थर करून बसलेले असतात, ते खरवडूनच काढावे लागतात. त्यात लाळेतलं कॅल्शियम बसून किटण झालं की मग ब्रशचं पण काही चालत नाही.

अँटिबायोटिक बिनकामाचं असं त्या म्हणाल्या नाहीत बरं का. डॉक्सीसायक्लिन, मिनोसायक्लिन ही अँटिबायोटिकं थेट दात आणि हिरडीमधल्या त्या फटीत भरतात, तिथं औषध काही दिवस हळूहळू सुटत राहतं, पण ते आधी मुळापर्यंत साफ करून, तरी जिथं फट खोलच राहते तिथं, आणि फायदा पण बेताचाच. माझं तर नुसत्या खरवडण्यावर भागलं. शुगर तेवढी तपासायला लावली, ती वाढलेली असली की हिरड्या लवकर बऱ्या होत नाहीत म्हणे.

आमच्या आईचं मत, दात साफ करून घेतले की हलतात. खरं म्हणजे दातादातांमधल्या किटणानं बुजलेल्या फटी मोकळ्या होतात म्हणून जिभेला तसं लागतं, हे तिला तीनदा सांगून झालं, ती मशेरी लावत लावत ऐकून घेते.

तुमच्या आरोग्याच्या पानावर गुडघे आणि केस गळती दर आठवड्याला असतंच, एकदा हिरड्यांवर पण येऊ द्या, आणि ही जेलं चिठ्ठीशिवाय कशी मिळतात ते मेडिकलवाल्यांना पण विचारा.

एक वाचक, सांगली