दवाखान्यातल्या त्या ताईंचे आभार
आमची माय किल्लारीकडची, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात पहाटे घर अंगावर आलं तेव्हापासून पत्रा वाजला तरी दचकून उठायची, अन् यंदा तर झोपच गेली, छातीत धडधड, जेवण बंद. सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी "त्या रात्रीचं सांगा" असं एकदाबी म्हटलं नाही. मायपाशी सतरंजीवर बसल्या, म्हणल्या, दिसतात त्या ५ वस्तू सांगा, ४ ला हात लावा, ३ आवाज ऐका. माय म्हणली, पंखा, घड्याळ, तुझ्या बांगड्या... तिसऱ्या महिन्यात माय आपणहून बोलली, धाकट्या भावाचं नाव घेतलं, आम्ही ते घरात कधी ऐकलंच नव्हतं. बाहेर एवढी लाईन, तरी ताई नुसता हात धरून बसल्या. ताई, नाव लिहू नका म्हणलात म्हणून लिहीत नाही, पण लई उपकार झाले. माय आता अंगणात नाही, आत झोपती.