डिस्क मेली नव्हती, दादा

प्रिय दादा,

वाचनालयातला जुना कॉम्प्युटर परवा भंगारात दिला. त्या टेबलाच्या खणात एक वही सापडली. पहिल्याच पानावर माझं अक्षर: ‘दोन बाण. एक नाही!’ म्हणून हे पत्र.

२०११ साल. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ‘लेनी’ आवृत्तीवरून पुढच्या ‘स्क्वीझ’वर जात होतो. मध्येच पडद्यावर प्रश्न आला: नव्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) डिस्कची नावं बदलू शकतात, फायलींमधली नावं आपोआप दुरुस्त करू का? मी ‘नको’ म्हटलं. कशाला कुठं हात लावू द्यायचा! (हे त्या रात्री तुम्हाला सांगितलं नव्हतं. आज कबूल करतो.) रीस्टार्ट केलं तर ‘एचडीए१ (म्हणजे डिस्कचा पहिला भाग) अस्तित्वात नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ, खाली इनिट्रॅमएफएसचा, म्हणजे सुरुवातीच्या तात्पुरत्या प्रणालीचा, प्रॉम्प्ट, आणि पुढं काही नाही. सात हजार पुस्तकांच्या नोंदी त्या डिस्कवर. बॅकअपचं विचारू नका.

मित्रानं तुमचा नंबर दिला. रविवारी रात्री साडेदहाला अनोळखी माणसाचा फोन, तरी तुम्ही आधी एवढंच विचारलंत, “डेव्ह फोल्डरमध्ये काय काय दिसतंय?” या फोल्डरमध्ये उपकरणांची नावं असतात; तिथं एचडीए नव्हता, एसडीए होता. “मग डिस्क मेली नाही, तिचं बारसं झालंय,” म्हणालात. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

डिस्क चालवणारा जुना आयडीई ड्रायव्हर जाऊन त्या जागी लिबएटीए हा नवा आला, हे कारण तुम्ही समजावलंत ते अजून लक्षात आहे. एचडीए म्हणजे वाड्यातल्या खोलीचा नंबर: केबलवरची जागा ठरलेली, नाव ठरलेलं. एसडीए म्हणजे रेशनच्या रांगेतला नंबर: कर्नलला जी डिस्क आधी सापडेल ती पहिली. म्हणून नुसतं एचडीएच्या जागी एसडीए लिहून भागणार नाही, उद्या दुसरी डिस्क लावलीस की पुन्हा रडशील. फाइलसिस्टिमच्या अंगावरच कोरलेला यूयूआयडी, म्हणजे तिचा स्वतःचा ओळखक्रमांक, वापर.

पण आधी मशीन चालू तर व्हायला हवं. ग्रबमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मेन्यूत) ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीत ‘रूट=’पुढं तात्पुरतं एसडीए१ लिहायला लावलंत, मग सुरू करायला ‘बी’. तरी एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठं जोडायची त्या यादीच्या फाइलमध्ये, जुनंच नाव, त्यामुळे गाडी दुरुस्तीच्या शेलवर (आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर) अडकली. तिथं रूट, म्हणजे मुख्य फाइलसिस्टिम, लिहिण्याजोगी करून घ्यावी लागली. यूयूआयडीची ३६ अक्षरं हातानं उतरवू दिली नाहीत. एफएसटॅबची प्रत काढ, मग ब्लकआयडी या यूयूआयडी दाखवणाऱ्या आज्ञेचं उत्तर त्याच फाइलच्या शेवटी जोड, आणि तिथून जुन्या नावाच्या जागी घाल. “जोडताना दोन बाण (>>) दे. एक दिलास तर आहे ती फाइलही पुसली जाईल.”

सगळ्यात फसवी होती ग्रबच्या मेन्यू डॉट एलएसटी या फाइलमधली ‘केऑप्ट’ची, म्हणजे कर्नलला द्यायच्या पर्यायांची, ओळ. पुढं हॅशची (#) खूण, म्हणून मी ती निरुपयोगी समजून सोडणार होतो. “ती खूण काढू नकोस, पण ओळ बदल. ग्रबचा मेन्यू नव्यानं लिहिणारा अपडेट-ग्रब तीच वाचतो.” ते राहिलं असतं तर पुढच्या कर्नलला पुन्हा तोच तमाशा. एफएसटॅबमधली स्वॅपची (मेमरी कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेची) ओळही तुम्हीच आठवण करून बदलायला लावलीत.

पुढं २०२१ मध्ये ५.१४ कर्नलमधून तो जुना आयडीई कोड कायमचा गेला. आता वाचनालयात एनव्हीएमई या नव्या प्रकारच्या डिस्कचं मशीन आहे. एफएसटॅब उघडून पाहिला: सगळीकडे यूयूआयडी. इन्स्टॉलरनंच घातलेत, मला काही करावं लागलं नाही.

त्या रात्री माझा बॅलन्स संपला तेव्हा तुम्हीच उलट फोन केलात. सव्वा तासाचे ते पैसे माझ्याकडे अजून निघतात. नंबर बदललाय तुमचा. हे वाचलंत तर कळवा.

तुमचा,
वाचनालयवाला