किलोमीटर नव्हे, खाड्या मोजू

नागपूर,
28 डिसेंबर 2025

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा आराखडा मिळाला. रकाने आखून, प्रत्येक मुक्कामापुढे किलोमीटर मांडून तू जी मेहनत घेतली आहेस तिचे मला कौतुक वाटते. पण तोच आराखडा आज बाजूला ठेवावा असे सांगण्यासाठी हे लिहीत आहे. रागावू नकोस. पाच दिवसांत अलिबागपासून मालवणपर्यंतचा किनारा आणि वर वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली व आंबा असे चार घाट, हा हिशेब आपल्याकडच्या रस्त्यांवर शिकलेल्या माणसाचा आहे. नागपूरहून अमरावतीचे दीडशे किलोमीटर आपण गप्पांत संपवतो. कोकणात तेवढ्याच अंतराला अख्खा दिवस लागतो, कारण तिथे रस्ता सरळ जात नाही. तो प्रत्येक खाडीपाशी येऊन थांबतो आणि पुढे कसे जायचे ते तुम्हालाच विचारतो. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की आपण किलोमीटर मोजणे सोडून खाड्या मोजाव्यात. या प्रवासात सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री अशा तीन नद्यांच्या खाड्या गाडीसह फेरीबोटीने ओलांडायच्या आणि एकाच घाटाने वर यायचे. यापेक्षा अधिक काही घेतले तर समुद्र फक्त काचेतून दिसेल.

आता गाडीचा प्रश्न. तुझी स्वतःची गाडी समृद्धी महामार्गाने थेट खाली न्यावी, हा तुझा आग्रह मला समजतो. तो 701 किलोमीटरचा रस्ता गेल्या जूनपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला आहे आणि ताशी 120 ची मुभाही आहे. परंतु तो रस्ता इतका सरळ आणि एकसुरी आहे की तासाभराने डोळे उघडे असूनही माणूस झोपल्यासारखा होतो, आणि आपण दोघेही आता साठीच्या उंबरठ्यावर आहोत. जाताना एक आणि येताना एक, असे दोन दिवस त्यात खर्चून थकल्या अंगाने कोकणात उतरण्यापेक्षा रात्रीच्या रेल्वेने पुणे गाठावे आणि तिथे भाड्याची गाडी घ्यावी, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. अजनीहून ऑगस्टपासून सुटणारी वंदे भारत मी विचारात घेतली होती. तीही तुमच्या वर्ध्याला थांबते, पण तिचे बारा तास दिवसाचे जातात.

भाड्याच्या गाडीबाबत मी जरा लांबण लावणार आहे, कारण ठेच मला लागलेली आहे. चार वर्षांपूर्वी एका कंपनीची गाडी परत करताना मागच्या दारावरचा जुना ओरखडा माझ्या नावावर घालून माझ्या अनामत रकमेतून मोठी कपात झाली, आणि घेताना मी एकही छायाचित्र काढलेले नसल्यामुळे मला तोंड मिटून बसावे लागले. या वेळी ताबा घेण्याआधी गाडीभोवती फिरून चारही बाजू, छप्पर, काचा, टायर आणि इंधनाचा काटा यांचे चित्रण करायचे, स्टेपनीत हवा आहे का आणि जॅक व पाना जागेवर आहेत का ते डिकी उघडून पाहायचे. गाडीची पाटी काळी व त्यावर पिवळी अक्षरे असतील तरच ती स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याचा परवाना असलेली गाडी समजायची. कुणी ओळखीतली पांढऱ्या पाटीची स्वस्तात देऊ केली तरी नको, कारण अपघात झाल्यास विम्याचा दावा अडतो. चालक म्हणून आपल्या दोघांचीही नावे आणि परवाने करारात नोंदवून घेऊ. दिवसाला किलोमीटरची मर्यादा असलेला दर आपल्याला परवडेल, कारण आपले अंतरच थोडे आहे. शेवटी, तू मोठी गाडी सुचवली आहेस, पण गुहागर-आंजर्ल्याच्या आळ्यांतून दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणे, अंगाला येतात. समोरून एसटी आली की मागे सरकताना लहान गाडीचे महत्त्व कळते. चौघांचे सामान मात्र त्या मानाने बेताचे हवे, हे वहिनींच्या कानावर तूच घाल.

आता मार्ग सांगतो. सोमवारी, 9 मार्चला, पुण्याहून मुळशीवरून ताम्हिणी घाटाने माणगावला उतरायचे आणि संध्याकाळपर्यंत हरिहरेश्वर गाठायचे. दुसऱ्या दिवशी जवळच्याच बागमांडल्याच्या जेट्टीवरून गाडी बोटीत घालून पलीकडे वेसवीला उतरायचे. ही सावित्रीची खाडी. महाबळेश्वरच्या देवळात जिच्या धारेखाली आपण लग्नानंतरच्या वर्षी ओंजळी धरल्या होत्या तीच ही सावित्री, इथे बाणकोटच्या किल्ल्याखाली समुद्राला मिळते. वेसवीपासून वेळास अगदी जवळ आहे. ते नाना फडणविसांचे गाव, पण मला तिथे मुक्काम हवा आहे तो कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्रीच्या वेळी या वाळूत अंडी घालून निघून जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 साली गावकऱ्यांना सोबत घेऊन ती कुंपणाआड सुरक्षित ठेवण्याचे काम सुरू केले. साधारण दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात आणि सकाळी किंवा सूर्यास्ताच्या सुमारास त्यांना पाण्याकडे सोडतात. दिसतीलच असे नाही. न दिसली तर दुसऱ्या सकाळी पुन्हा जायचे, याचसाठी तिथे रात्र काढायची.

पुढे केळशी, आंजर्ले, आणि हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव. तुला शाकाहारी म्हणून तो वास सोसणार नाही, तेव्हा तू खुशाल सुवर्णदुर्गाकडे तोंड करून उभा राहा. गुरुवारी दाभोळ. इथे खाडी मोजण्याचा अर्थ तुला कळेल: वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळहून धोपाव्याला बोटीने काही मिनिटांत जाता येते, आणि बोट टाळून दापोलीहून चिपळूणमार्गे गुहागरला जायचे तर शंभर किलोमीटरहून अधिक रस्ता पडतो. मोबाइलवरील नकाशात फेरी टाळण्याचा पर्याय चुकून चालू राहिला तर तो तुम्हाला निमूटपणे चिपळूण दाखवतो. माझ्या भाच्याचे तसेच झाले.

बोटीत गाडी घालण्याची तुला धास्ती आहे, हे तू लिहिले नाहीस तरी मला कळते. ओहोटीच्या वेळी जेट्टीचा उतार शेवाळाने निसरडा असतो, तेव्हा पहिल्या गिअरमध्ये सावकाश उतरायचे, बोटीवरचा माणूस हाताने दाखवील तसे वळवायचे, आणि तो मागे घ्या म्हणाला तर मुकाट्याने मागे घ्यायचे. मग हँडब्रेक ओढून इंजिन बंद करायचे आणि खाली उतरून कठड्याला टेकायचे. सुट्टे पैसे जवळ ठेवावेत आणि शेवटच्या बोटीची वेळ आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्यावी.

गुहागरला एक दिवस काहीही न करता राहायचे. सुपारीच्या वाडीतले घर, सकाळी व्याडेश्वर, मागच्या दाराने समुद्र. शुक्रवारी दुपारी वेळणेश्वर व हेदवी करून तवसाळहून जयगडला, म्हणजे शास्त्रीच्या खाडीपलीकडे जायचे आणि केशवसुतांच्या मालगुंडात किंवा गणपतीपुळ्यात मुक्काम करायचा. शनिवारी आरे-वारेचा रस्ता. संपूर्ण किनाऱ्यावर मला सर्वांत आवडणारा तुकडा हा: डोंगराच्या कडेने चढताना वळण संपते आणि खाली दोन अर्धवर्तुळाकार पुळणी एकदम उघडतात. गाडी तिथे तू चालवू नकोस. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे चालकाच्याच बाजूला येतो, आणि तुझे लक्ष रस्त्यावर राहणार नाही हे मी चाळीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो. रत्नागिरीत थांबून थिबा राजाचा वाडा पाहू. ब्रह्मदेशाचा हा राजा 1885 मध्ये राज्य गमावल्यानंतर इथे आणला गेला आणि 1916 साली इथेच वारला.

दुपारनंतर साखरप्यावरून आंबा घाट चढायचा. तुझा घाटाचा सगळा सराव चिखलदऱ्याचा, म्हणून दोन गोष्टी लक्षात असू दे: अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, आणि उतरताना ब्रेकवर पाय दाबून न ठेवता ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे. दुसरी गोष्ट पहिल्याच दिवशी ताम्हिणीत लागेल. त्या रात्री आंब्याला थंडी असेल, वहिनींना शाल घ्यायला सांग. रविवारी कोल्हापूरमार्गे पुणे, आणि रात्रीची परतीची गाडी.

पावसाळ्यात जावे असे तू सुचवले होतेस. धबधब्यांचा मोह मलाही आहे, पण दरडी कोसळून घाट बंद होण्याचे आणि उधाणात बोटी थांबण्याचे दिवस तेच असतात, आणि आपला सारा बेत बोटींवर उभा आहे. मार्चच्या सुरुवातीला शिमग्यासाठी मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात आणि राहायला जागा मिळत नाही. म्हणून शिमगा आटोपल्यावर निघून 19 तारखेच्या पाडव्याच्या आत घरी, असा हा आठवडा धरला आहे. ऊन जाणवेल, पण मार्चमधल्या नागपूरच्या माणसाने त्याची तक्रार करू नये.

8 मार्चच्या रात्रीच्या गाडीचे आरक्षण साठ दिवस आधी, म्हणजे 7 जानेवारीला सकाळी आठ वाजता खुले होते. मी नागपूरहून चढेन आणि तुम्ही वर्ध्याहून चढाल, तरी चौघांचे तिकीट एकत्रच काढतो. वहिनींशी बोलून 6 तारखेच्या संध्याकाळपर्यंत मला फोन कर, आणि आंब्याऐवजी कुंभार्लीचाच आग्रह असेल तर तेही तेव्हाच सांग. ती अदलाबदल मी मान्य करीन, पण दोन्ही घाट नाहीत.

तुझा,
अण्णा